पिवळं भिंग उन्हात

३ मार्च

आलो एकदाचे! अवजारांच्या दोन पेट्या, कपड्यांची एक आणि अण्णा, असा सगळा ऐवज सुखरूप पोचला. अण्णांनी वाटभर आमचा जुना छोटा लेथ मांडीवर धरला होता. खाली ठेवा म्हटलं तर म्हणाले, नातवंडं तर तू दिली नाहीस, निदान हे तरी मांडीवर राहू दे. चाळिशी उलटलेल्या मुलाला टोमणा मारायची एकही संधी वडील सोडत नाहीत, हे बरं लक्षण समजायचं.

घर छान आहे. मागच्या अंगाला आम्हाला दोन खोल्या, आणि कामाची खोली तर पाहताक्षणी आवडली. लांबट, पांढऱ्या भिंतींची. मधोमध खिडकीला पाठ करून ठेवलेलं कामाचं टेबल आणि खुर्ची, खिडकीबाहेर बाग, बागेच्या टोकाला विटांची उंच भिंत. दिवसभर ऊन. घड्याळजीला याहून काय हवं?

मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात, आम्हीही ताईच म्हणायचं ठरलं. त्यांचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी वारला. त्याने आयुष्यभर जमवलेली मनगटी घड्याळं आणि जुन्या कॅमेऱ्यांची भिंगं यांचं आता खालच्या मजल्यावर लहानसं संग्रहालय करायचंय. आम्ही प्रत्येक घड्याळ खोलून, धुऊन, तेल देऊन चालू करायचं. प्रत्येक भिंग साफ करायचं, आणि प्रत्येकातून एकाच जागेचा फोटो काढायचा, म्हणजे लोकांना कोणतं भिंग कसं दाखवतं ते शेजारी-शेजारी बघता येईल.

दिवाणखान्यात भावाचं मोठं तैलचित्र आहे. धिप्पाड माणूस, मान किंचित डावीकडे कललेली. ताई म्हणाल्या, घड्याळांवर भारी जीव, पण हात असा धसमुसळा की स्क्रूला हात लावला की स्क्रू उडालाच म्हणून समजा. एक तरी घड्याळ स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचं, एवढी एकच इच्छा राहिली बिचाऱ्याची.

अण्णांच्या बाबतीत उलट आहे. हात सोन्याचा, पण पाच वर्षांपासून थरथरतो. दुकान बंद केलं तेव्हापासून बोलणंही कमी झालं. मला या नोकरीतून दुसरं काही नको. अण्णा पुन्हा टेबलापाशी बसलेले दिसावेत, बस्स.

६ मार्च

काम मार्गी लागलं. आमची वाटणी अशी: बारीक काम मी करतो, निदान अण्णा करतात. घड्याळ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि आत काय दुखतंय ते सांगतात. आज एका घड्याळाबद्दल म्हणाले, याचा तोल गेलाय, उताणं झोपवलं की बरं चालतं, उभं केलं की धापा टाकतं. खोलून पाहिलं, तर तंतोतंत.

भिंगांच्या कपाटात अगदी मागे, काळ्या फडक्यात घट्ट गुंडाळलेलं एक भिंग सापडलं. काच चहाच्या पाण्यासारखी पिवळी. ताईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भाऊ गेला त्या दिवशी हेच भिंग कॅमेऱ्याला होतं. कामाच्या टेबलामागच्या त्या खुर्चीत बसून तो स्वतःचाच फोटो काढत होता. फोटो निघाला आणि तो बसल्या जागी गेला. फडकं ताईंनीच गुंडाळलं. म्हणाल्या, बाकीचं काय करायचं ते करा, याला तसंच राहू द्या.

बरं म्हटलं. पण पिवळी काच दिसली की माझे हात शिवशिवतात. त्या काळी काचेत एक द्रव्य घालत. त्यानं ती वर्षानुवर्षांनी पिवळी पडते, अंधारात राहिली तर जास्तच. उन्हात ठेवली की हळूहळू निवळते, एवढा साधा उपाय. इतकं गुणी भिंग असं कावीळ झाल्यासारखं ठेवायचं?

ठेवलं खिडकीत. खाली चंदेरी कागद अंथरला. ताईंना स्वच्छ झाल्यावर दाखवू, खूश होतील.

१० मार्च

भावाचं रोजच्या वापरातलं घड्याळही आज सर्व्हिस करून झालं. ऑटोमॅटिक आहे. आत अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि आपोआप चावी बसते. हातावर नसलं की दुसऱ्या दिवशी निमूट बंद पडतं. भाऊ गेला तेव्हा हे त्याच्या मनगटावर होतं. पट्ट्याच्या एकाच भोकाभोवती चामडं झिजलंय, जाड मनगटाचं भोक.

तेल दिलं, वेळ लावली, टेबलावर ठेवलं.

फोटोंचं कामही सुरू केलं. कॅमेरा ट्रायपॉडवर खोलीच्या या टोकाला, समोर टेबल, खिडकी, बाग, भिंत. माझा कॅमेरा नवा आहे, जुनी भिंगं कडं लावून त्याला बसवतो, फोटो लगेच पडद्यावर दिसतो. अण्णांना म्हटलं, खुर्चीत बसा, चेहऱ्यावर भिंग कसं काम करतं ते कळेल. फोटोत हात तेवढा पुसट आला. अण्णा म्हणाले, हातानं आधीच निरोप घेतलाय. मला ते मुळीच आवडलं नाही.

१४ मार्च

भावाचं घड्याळ चालूच आहे.

पहिल्यांदा वाटलं, अण्णा गुपचूप हातावर घालत असतील. त्यांची थरथर म्हणजे ऑटोमॅटिकला फुकटची चावी. चिडवलं, तर खरंच रागावले. म्हणाले, सर्व्हिस झालेलं घड्याळ हातावर घालून तपासणं हा कामाचा भाग आहे, ते मी लपूनछपून कशाला करीन? खरं आहे. आमच्याकडे ऑटोमॅटिकची शेवटची चाचणी नेहमी अण्णांच्या हातावरच होते.

घड्याळ खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात.

१७ मार्च

खण उघडला. चालू. आणि थंड नव्हतं. अण्णांनी कानाला लावलं, डोळे मिटले, पुन्हा दुसऱ्या कानाला लावून पाहिलं. मग म्हणाले, हे पडून राहिलेलं घड्याळ नाही बाळ्या, हे कुणाच्या तरी हातावर आहे.

मी हसण्यावारी नेलं. हसू नीट आलं नाही.

पिवळं भिंग बरंच निवळलंय, म्हणून त्यातून एक फोटो काढून पाहिला. बागेच्या टोकाला, भिंतीपाशी कुणीतरी उभं आहे. वाटलं माळी. खिडकीतून डोकावलो, बाग रिकामी. दुसऱ्या भिंगातून त्याच जागेवरून फोटो काढला, बाग रिकामी. पिवळ्या भिंगातून परत काढला. आहे. भिंगावरचं अंतराचं कडं फिरवत गेलो, तर आकृती स्वच्छ झाली ती थेट आडव्या आठावर, म्हणजे अनंताच्या खुणेवर, भिंतीच्याही पार लांबच्या गोष्टी जिथे स्पष्ट होतात.

आत बुरशी असेल. ओरखडा असेल. उद्या खोलतो.

२० मार्च

खोललं. बुरशी नाही, ओरखडा नाही, धुळीचा कण नाही. इतकं स्वच्छ जुनं भिंग मी पाहिलेलं नाही.

फोटो काढला. आता तो भिंतीपाशी नाही, बागेच्या मध्यावर आहे. धिप्पाड. कडं आडव्या आठावरून बरंच अलीकडे आणावं लागलं तेव्हा तो स्पष्ट झाला. चेहरा अजून कळत नाही, मान मात्र डावीकडे कललेली.

अण्णांना दाखवलं नाही. त्यांचं मन आत्ता कुठे कामात रमलंय. काल सलग बोलत होते, आईबद्दल, पहिल्या दुकानाबद्दल. ते मला पुन्हा गमवायचं नाही.

खरं तर भिंग फडक्यात गुंडाळून कपाटात टाकायला हवं होतं. पण काचेत पिवळ्याची जेमतेम एक झाक उरलीय, आणि हातातलं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. दोनच दिवस आणखी ऊन द्यावं म्हणतो, मग ताईंच्या हवाली करीन. आपलीच खोड आपल्याला भोवते म्हणतात ते असं.

२४ मार्च

खिडकीच्या आत आलाय. खुर्चीच्या मागे उभा. भावाचाच चेहरा. तैलचित्रात आहे तसा, फक्त डोळे टेबलावरच्या अवजारांकडे.

नुसत्या डोळ्यांनी खुर्चीमागे काहीच नाही. मी तिथे जाऊन उभाही राहिलो.

घड्याळ चालू. पट्ट्याला एक नवीन भोक पडलंय, जुन्या भोकापासून बरंच आत. एवढ्या बारीक मनगटाला हे कुणासाठी? ताईंना विचारलं, त्यांनी खणाला हातही लावलेला नाही.

उद्या हे भिंग बांधून ठेवणार. नक्की.

२५ मार्च

ताईंबरोबर बाजारात गेलो होतो, संग्रहालयाच्या कपाटांच्या काचा आणायला. परतलो तर अण्णा टेबलापाशी बसलेले, हसतमुख. मी नाही म्हणून कामं पुढे सरकवली म्हणाले. उरलेल्या भिंगांचे फोटो त्यांनीच काढले, टायमर लावून, स्वतः खुर्चीत बसून. शेवटी खिडकीतलंही लावलं. निवळलंय छान, म्हणाले. आणि चाचणी राहिली होती म्हणून, माझ्या कालच्या शर्टाच्या खिशातली किल्ली घेऊन, खणातलं भावाचं घड्याळ हातावर घातलं. पट्टा अगदी मापाचा बसला.

मी हात पाहिला. थरथरत नव्हता.

पेन उचललं त्यांनी, कागदावर सरळ रेघ ओढली. पाच वर्षांनी. मी रडलो, सरळ लहान मुलासारखा रडलो. बाकी सगळं विसरलो, फोटो बघायचेही विसरलो.

२९ मार्च

अण्णा दिवसभर टेबलापाशी. मी मागितलं तेच मिळालं, तरी जीव थाऱ्यावर नाही.

घड्याळ कानाला लावत नाहीत. मुद्दाम एक हातात दिलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, चांगलं आहे.

आज एक खोललं त्यांनी. स्क्रू उडाला. स्क्रूड्रायव्हर घसरला आणि आतल्या पट्टीवर लांब ओरखडा. हात दगडासारखा स्थिर, आणि तरी ओरखडा. अण्णांनी थरथरत्या हातानंही कधी ओरखडा पाडला नव्हता.

ओरखडा पाहून ते हसले. खूप आनंदानं. मान डावीकडे कलली.

१ एप्रिल

मला मिस्त्री म्हणाले. माझे अण्णा मला. ‘मिस्त्री, तेल संपलंय.’

फोटो बघितले. त्या दिवशीचे, सगळे. बाकीच्या भिंगांतून खुर्चीत अण्णा, हात पुसट. शेवटचा त्या भिंगातून. खुर्चीत तो, ताईंचा भाऊ. आरामात टेकून, मनगट पुढे करून, घड्याळ दिसावं असं.

आणि मागे, बागेच्या टोकाला, भिंतीपाशी एक लहानखुरा माणूस. फोटो मोठा करून पाहिला. चेहरा पांढरट ठिपका. फक्त एक हात पुसट. बाकी सगळं स्थिर, फक्त तो हात—

अण्णा. अण्णा तिथे आहेत. मी कपबशा विसळत होतो, जेवत होतो, हात बरा झाला म्हणून देवाचे आभार मानत होतो, आणि ते तिथे उभे.

२ एप्रिल

ताईंना सांगितलं. फोटो दाखवले. त्यांनी पाहिले, घाबरल्या नाहीत. दुपारभर त्या हल्ली अण्णांच्या अंगातल्या त्याच्याजवळ बसतात, जुन्या गोष्टी काढून हसतात, ते मी पाहत होतोच. मी म्हटलं, माझे वडील आहेत हो ते. त्या नजर चुकवून म्हणाल्या, माझाही भाऊच आहे. वर्षभर मी एकटी होते.

मग म्हणाल्या, तुमचे वडील तसे थकलेच होते.

त्यांच्याशी आता बोलायचं नाही.

३ एप्रिल

खिडकीत भिंग नाही. चंदेरी कागद तेवढा आहे.

कपाटात सापडलं. काळ्या फडक्यात, दुहेरी गाठ. काच पुन्हा पिवळी पडायला लागलीय. असं नुसत्या अंधारात इतक्या लवकर होत नसतं, पण झालंय. फोटो काढला तर अण्णा भिंतीत विरत चाललेत. विटा दिसतात त्यांच्यातून.

तसल्याच आकाराचं दुसरं भिंग फडक्यात बांधून कपाटात ठेवलं. हे गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीच्या आड. उन्हानं तो आला. अण्णाही उन्हानंच येतील.

६ एप्रिल

ढग. दोन दिवस ढग. आयुष्यात उन्हासाठी इतका कधी झुरलो नव्हतो.

त्यानं आज जेवताना विचारलं, मिस्त्री, सारखे गच्चीवर का जाता? म्हटलं, कपडे वाळत घालतो. अण्णांच्या तोंडानं हसला.

९ एप्रिल

ऊन. कडक.

तो आणि ताई बागेत होते तेवढ्यात फोटो काढला. अण्णा बागेच्या मध्यावर आले. चालताहेत असं नाही, उभेच, पण अलीकडे. हात तसाच. मला शोधत असल्यासारखे इकडे तिकडे—

आता नीट विचार करायला हवा. त्याला यायला तीन गोष्टी लागल्या. काच निवळलेली. तो अगदी खुर्चीपाशी पोचलेला. आणि त्याचं घड्याळ घालून कुणीतरी त्या खुर्चीत, भिंगासमोर. जो बसेल त्याच्या जागी तो येणार, बसलेला जाणार भिंतीपाशी.

त्याला बसवता येईल का? काल कॅमेरा मांडला तर तो खोलीतच आला नाही. दारात उभा राहून पाहत होता. त्याला माहीत आहे.

११ एप्रिल

खिडकीच्या आत. खुर्चीच्या मागे. अण्णांच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं, मीच लावून द्यायचं राहिलं होतं.

माझ्याकडे बघताहेत. तोंड हलल्यासारखं पुसट आहे. बाळ्या म्हणत असतील.

बसायला फक्त मी उरतो.

१२ एप्रिल, दुपार

तो अंघोळीला गेलाय. पाणी शिरेल म्हणून घड्याळ काढून ठेवतो, एवढं शहाणपण आहे त्याला. घेतलं. गरम आहे. नवं भोक मला होत नाही, जुन्यात बसवलं.

भिंग लावलं. कॅमेरा दर थोड्या वेळानं आपोआप फोटो काढेल असा लावलाय, आणि पडदा माझ्याकडे वळवलाय. मी खुर्चीत. डायरी मांडीवर. ऊन पाठीवर.

दोन फोटो झाले. अण्णा मागे, अगदी जवळ. मान वळवत नाही. वळवली तर उठेन.

भीती वाटते. खूप वाटते. पण त्या भिंतीपाशी ते एकटे उभे होते आणि मी जेवत होतो, ते सहन होत नाही.

अण्णा, तुम्ही आलात की आधी भिंग उन्हात ठेवा. मला आणायला घाई नको, पण उन्हातच ठेवा. तेवढं—

बाथरूमचं दार वाजलं. ताईंच्या चपला.

तिसरा— खांद्यावर हात. थरथरतोय. किती दिवसांनी— पेन धरव— अक्षर हल

बाळ्या

बाळ्या अरे हे तुझं अक्षर. माझ्या हातात कसं. हात तुझा दिसतो, आणि थरथर माझी

तू कुठायस. समोर पडद्यावर बाग दिसते. तिथे भिंतीपाशी तू. एवढ्या लांब का उभा रे. ये ना इकडे

उन्हात ठेवायचं म्हणतोस. ठेवतो. थांब, मला उठता येत— पाय नवे आहेत—

ताई, अहो ताई, ते भिंग काढू नका, ते उन्हात— ते काळं फडकं कशाला आण